मालव लघुचित्रे : श्लोक आणि पट

भारतीय लघुचित्रकलेच्या इतिहासग्रंथांत मालव शैलीला जागा मिळते ती बहुधा एका परिच्छेदापुरती. मुघल दरबार, मेवाड, बुंदी, किशनगढ, पुढे बसोहली आणि कांगडा असा लेखकाचा प्रवास चाललेला असतो. वाटेत माळवा लागतो म्हणून तो क्षणभर थांबतो आणि दोन-चार ठरीव विशेषणे देऊन पुढे निघतो. आदिम मोहिनी, बालसुलभ दृष्टी, भडक परंतु मनोवेधक रंग ही ती विशेषणे होत. त्यांत निंदा नाही हे खरे; पण त्यांतील स्तुती एखाद्या होतकरू मुलाच्या वहीवर आपण जो शेरा मारतो त्या जातीची आहे. ज्या प्रदेशात ही चित्रे निर्माण झाली त्याच प्रदेशात अध्यापनात आयुष्य घालविलेल्या प्रस्तुत लेखकाला हे शेरे मान्य होण्यासारखे वाटत नाहीत. मालव चित्रकाराला जे साधले नाही असे सांगितले जाते ते त्याला साधावयाचेच नव्हते. आणि त्याला काय साधावयाचे होते हे समजून घेण्यास चित्रकलेच्या इतिहासापेक्षा काव्यशास्त्राची वाट अधिक जवळची आहे, असे मला सुचवावयाचे आहे.

आरंभी 'लघुचित्र' या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. हा शब्द आपण इंग्रजीतील 'मिनिएचर'वरून बनविला आणि त्या शब्दाचा अर्थ 'लहान' असा घेतला. वस्तुतः त्याचे मूळ लॅटिन भाषेतील 'मिनियम' म्हणजे शेंदूर या शब्दात आहे. युरोपातील मठांमधून पोथ्यांची आद्याक्षरे शेंदराने रंगवीत, त्यावरून पोथीतील चित्रास हे नाव पडले. आकाराचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. तेव्हा लघुचित्र म्हणजे लहान चित्र नव्हे, पोथीतले चित्र. अक्षरांच्या शेजारी, अक्षरांसाठी काढलेले. मुघल चित्रे पुढे पोथीतून निघून मुरक्क्यांत, म्हणजे चित्रसंग्रहांत, जाऊन बसली; व्यक्तिचित्र, फूल, पक्षी, शिकार असे स्वतंत्र विषय त्यांना मिळाले. माळव्यात मात्र चित्र अखेरपर्यंत श्लोकाचा हात धरून राहिले. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे पुढील विवेचन सोपे होईल.

माळव्यातील चित्रकारास अवकाशाची खोली, छायाप्रकाश, चेहऱ्यावरील सूक्ष्म फरक हे काही ठाऊकच नव्हते, असा जो एक समज आहे तो इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. मांडूत १४३९ साली चितारलेले कल्पसूत्र आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पश्चिम भारतातील जैन पोथ्यांची परंपरा त्यात स्पष्ट आहे. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांच्या आत त्याच मांडूत 'निमतनामा' तयार झाला. सुलतान गियासशाहाच्या कारकीर्दीत आरंभ होऊन १५०० साली गादीवर आलेल्या नासिरशाहाच्या काळात पूर्ण झालेला हा ग्रंथ पाककलेचा आहे. समोसे, सरबते, विडे, अत्तरे यांच्या कृती, आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात मिशाळ सुलतान स्वतः उपस्थित! ही पोथी आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यातील चित्रे शिराझच्या इराणी वळणाने सुरू होतात. उंच क्षितिज, गवताचे झुबके, फिकट रंगांची जमीन हे सारे इराणी. पण हळूहळू स्त्रिया भारतीय होत जातात, त्यांचे चेहरे एकचश्मी होतात, साड्या-ओढण्या येतात. म्हणजे इराणी कलमाशी माळव्याचा परिचय अकबराच्या जन्मापूर्वीचा आहे.

सुलतानी गेली. १५६१ मध्ये सारंगपूरजवळ बाजबहादुराचा पराभव झाला आणि लवकरच माळवा मुघल साम्राज्याचा सुभा बनला. दक्षिणेकडे जाणारी मुघलांची फौज, सुभेदार, व्यापारी, कारकून यांची वाट याच प्रदेशातून जात असे. अब्दुर्रहीम खानखानान याच्या पदरी चित्रकार होते आणि त्याचा मुक्काम दीर्घकाळ बुऱ्हाणपुरास होता. अशा प्रदेशात १६३४ साली रसिकप्रियेची जी चित्रमालिका तयार झाली, आणि जी मालव शैलीच्या कालनिर्णयाचा पहिला भक्कम खुंटा मानली जाते, तिच्या कर्त्यांना मुघल चित्र कसे असते याची वार्ताच नव्हती असे म्हणणे म्हणजे भोपाळच्या रहिवाशास तलाव कोठे आहे हे ठाऊक नाही असे म्हणण्यापैकी होय. आणि याला पुरावा खुद्द चित्रांतच आहे. त्यांतील पुरुषांच्या अंगात मुघल धाटणीचा जामा आहे, कमरेला पटका आहे, डोक्यावर त्या काळची पगडी आहे. पोशाख घेतला; अवकाशाची खोली घेतली नाही, अंगावरची सावली घेतली नाही. ज्याने शेजाऱ्याचा अंगरखा इतक्या बारकाईने पाहिला त्याने शेजाऱ्याच्या घराची रचना पाहिलीच नाही, हे कसे संभवते? त्याने पाहिली आणि ती आपल्या कामाची नाही असे ठरविले, हाच अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

रसिकप्रियेनंतरचे मुख्य टप्पे थोडक्यात सांगता येतील. १६५२ साली नसरतगड येथे चितारलेले अमरुशतक, आणि १६८० साली माधोदास नावाच्या चित्रकाराने 'नरस्यंग शहर' येथे काढलेली रागमाला. हे दुसरे गाव म्हणजे भोपाळहून ब्यावऱ्याकडे जाताना लागणारे नरसिंहगड होय, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. नसरतगडाविषयी तसे एकमत नाही. याखेरीज रामायणाच्या आणि रागमालांच्या अनेक मालिका आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, काशीच्या भारत कला भवनात आणि दिल्लीत त्यांची पाने पाहावयास मिळतात. ही चित्रे माळव्याची की बुंदेलखंडाची हा वाद दीर्घकाळ चालला. डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९५८ साली मध्य भारतातील चित्रांवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि १९६३ मध्ये आनंद कृष्ण यांचा 'मालव पेंटिंग' हा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मराठे या प्रांताचे धनी झाले ते १७३८ च्या दोराह्याच्या तहानंतर. दोराहा भोपाळपासून जवळच आहे. तोपर्यंत या शैलीचा बहर ओसरून गेलेला होता, म्हणून आपल्या पूर्वजांकडे या बाबतीत श्रेयही जात नाही आणि दोषही जात नाही.

आता तंत्राकडे वळू. लघुचित्राची सर्वसाधारण पद्धत सर्वत्र जवळजवळ एकच होती. हातकागदाचे अनेक ताव खळीने एकावर एक चिकटवून जाड पुठ्ठा बनवीत. त्याला वसली म्हणत. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. मग हा कागद अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटून घोटून हस्तिदंतासारखा करावयाचा. त्यावर गेरूने कच्चे रेखाटन, त्यावर सफेत्याचा पातळ हात, त्यातून पुसट दिसणाऱ्या रेषेवर पुन्हा पक्की रेषा, आणि मग रंग. रंग म्हणजे हिंगूळ, हरताळ, नीळ, गेरू, शेंदूर, जंगाल, काजळी. श्रीमंत दरबारात बदक्शानचा लाजवर्द आणि सोने. ते डिंकाच्या पाण्यात खलून लावावयाचे, प्रत्येक हातानंतर चित्र पालथे घालून पाठीमागून घोटावयाचे, म्हणजे रंग कागदात बसतो आणि त्याला आतून आलेले तेज चढते. शेवटी खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने रेषा पुन्हा 'खुलवावयाची'.

येथपर्यंत मालव आणि मुघल चित्रकार एकाच वाटेने चालतात. फाटा फुटतो तो यानंतर. मुघल चित्रकार घोटलेल्या रंगावर परदाज करतो. म्हणजे अतिसूक्ष्म ठिपके आणि रेघा यांनी गाल, मान, वस्त्राच्या चुण्या, झाडाचा बुंधा यांना गोलाई आणतो. हे काम डोळे फोडणारे आहे आणि त्याचे सौंदर्य कोणी नाकारणार नाही. पण परदाज केला की मूळ रंगाचा अखंडपणा भंगतो, हेही तितकेच खरे. हिंगुळाचा सपाट, घोटलेला, एकसंध पट्टा जेवढा लाल दिसतो तेवढा छायाप्रकाशाने मोडलेला हिंगूळ दिसत नाही. मालव चित्रकार परदाज जवळजवळ टाळतो. त्याच्या चित्रात लाल भिंत ही सर्वत्र सारखीच लाल असते. काळोख हा एका हाताचा काळा असतो. पिवळे दालन कडेपर्यंत पिवळे असते. परिणामी त्याचा रंग कोणत्याही वस्तूचा गुण राहत नाही, तो एक स्वतंत्र जागा बनतो. नायिका लाल भिंतीसमोर बसली आहे असे आपल्याला वाटत नाही. ती लाल रंगात बसली आहे असे वाटते.

यावर असा आक्षेप येईल की, हे सारे दारिद्र्याचे उदात्तीकरण आहे. माळव्यातील आश्रयदाते लहान ठाकूर-जहागीरदार होते, त्यांना सोने-लाजवर्द परवडत नव्हते, एका पानावर महिनोन्महिने खपणारे चित्रकार ठेवता येत नव्हते, म्हणून चित्रे अशी झाली. आक्षेपात तथ्याचा अंश आहे. सोन्याचा वापर बेताचा असण्याचे कारण थैलीत शोधावे हे योग्यच. परंतु थैली रिकामी असल्याने सोने का नाही हे कळते. पानाची रचना तशी का, हे कळत नाही. स्वस्त रंगांतही खोलीचा आभास निर्माण करता येतो. त्याला हिंगूळ अधिक लागत नाही आणि सोने तर मुळीच लागत नाही.

'बालसुलभ' या विशेषणाचा समाचारही येथेच घ्यावा. शाळेत चित्रकलेच्या तासाला दूरची वस्तू लहान काढावी असे आपण शिकवितो. ते शिकण्यापूर्वीची मुले घर काढताना दर्शनी भिंतही काढतात आणि आतली आईही काढतात. मालव चित्रकारही दालनाची पुढची भिंत काढून टाकून आतली माणसे दाखवितो, म्हणून दोघांची दृष्टी एकच असे समीकरण मांडले जाते. पण मूल जे सुचेल ते जेथे जागा उरेल तेथे काढीत जाते. मालव पान पाहावे : उभ्या-आडव्या रेषांनी त्याचे कप्पे केलेले असतात, माथ्यावर घुमट आणि छत्र्या मोजून बसविलेल्या असतात, त्यांवर निळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्टीने आकाश, तळाशी फुलवेलीची किनार, आणि अगदी वर पिवळ्या पट्टीत श्लोक. त्यात कोठेही 'जागा उरली म्हणून' काही काढलेले नाही. फार तर असे म्हणावे की मुलाला न शिकता जे दिसते तेच या चित्रकाराने शिकून पाहिले. पण मग ते बालसुलभ कसे राहिले?

या कप्प्यांचे प्रयोजन काय, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर अमरुशतकात सापडते. अमरूचे काव्य मुक्तकांचे आहे. मागचा श्लोक पुढच्यास काही सांगत नाही. चार चरणांत एक प्रसंग उभा राहतो आणि संपतो. आनंदवर्धनाने मुक्तकातही प्रबंधाइतका रस भरता येतो हे सांगताना अमरूचेच नाव घेतले आहे. मराठी वाचकाला या जातीचे काव्य परके नाही. हालाची गाथासप्तशती आपल्या मातीतली, आणि स. आ. जोगळेकरांच्या १९५६ मधील संपादनाने ती अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेरही पोहोचली. गाथा किंवा अमरूचा श्लोक वाचताना आपण काय करतो? कोण बोलते, कोणास उद्देशून बोलते, ऐकणारा तिसरा कोण आहे, बोलण्यापूर्वी काय घडून गेले हे सारे न सांगितलेले आपण भरून काढतो. श्लोकात एक क्षण असतो. पण तो क्षण मागच्या-पुढच्या क्षणांच्या कप्प्यांमध्ये बसविलेला असतो.

अमरूचा तो सुप्रसिद्ध प्रसंग घ्या. रात्री पतिपत्नींचे जे बोलणे झाले ते पिंजऱ्यातील पोपटाने ऐकले आणि सकाळी वडीलधाऱ्यांसमोर तो ते मोठमोठ्याने बोलू लागला. लाजेने व्याकूळ झालेल्या वधूने कानातले माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत कोंबले. येथे रात्र आहे, सकाळ आहे, शयनगृह आहे, सासू-सासऱ्यांची बैठक आहे, आणि या सर्वांना जोडणारा एक पोपट आहे. एकाच दृष्टिबिंदूतून, एकाच प्रकाशात, एकाच क्षणी पाहिलेल्या चित्रात हा श्लोक मावणार नाही. मुघल चित्रकार यातला एक क्षण निवडील आणि तो अप्रतिम रंगवील; बाकीचा श्लोक बाहेर राहील. मालव पद्धतीचे पान मात्र जणू अशाच श्लोकासाठी आखलेले आहे. काळ्या कप्प्यात रात्र, पिवळ्या कप्प्यात दिवस, मध्ये एक खांब; आणि त्या खांबाशी पिंजरा टांगला की झाले. रामायणाच्या पानांवर एकच व्यक्ती दोनदा-तीनदा येते तीही याच न्यायाने. तेथे खांब म्हणजे यतिस्थान आहे, कप्पा म्हणजे चरण आहे. डोळा त्या पानावरून सरकतो तो वाचणाऱ्याच्या डोळ्यासारखा, थांबत थांबत.

आणि एकदा पान असे वाचावयाचे ठरले की सपाट रंग, एकचश्मी चेहरा, ठरीव वृक्ष या सर्वांना अर्थ येतो. नायिकेचा चेहरा प्रत्येक पानावर तोच का? कारण ती कोणी एक स्त्री नसून 'खंडिता' किंवा 'वासकसज्जा' आहे. श्लोकातही तिला नाव नसते. तिची मनःस्थिती चेहऱ्याच्या छटांवर सोपविलेली नाही. ती सोपविली आहे मानेच्या वळणावर, हाताच्या मुद्रेवर, शय्या रिकामी की भरलेली यावर, आणि सर्वांत अधिक, ती कोणत्या रंगात बसली आहे यावर. केशवदासाने १५९१ साली रसिकप्रियेत नायिकाभेदाची जी शास्त्रशुद्ध मांडणी केली तिला चित्ररूप द्यावयाचे तर व्यक्तिचित्राची कला अडचणच करील.

या प्रकारच्या चित्राला आपल्या शास्त्रात नावही आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' मराठीचे अभ्यासक वारंवार उलगडतात, पण तो बहुधा त्यातील जुन्या मराठी पद्यपंक्तींसाठी. त्याच ग्रंथात चित्रांचे प्रकार सांगितले आहेत. आरशातील प्रतिबिंबासारखे हुबेहूब जे काढले जाते ते विद्धचित्र. केवळ आकार साधणारे ते अविद्ध. आणि ज्याच्या दर्शनमात्रे शृंगारादी रसांची प्रतीती होते ते भावचित्र. सोमेश्वर या प्रकारांची उतरंड लावीत नाही, हे विशेष होय. भावचित्र हे विद्धचित्राचे कच्चे रूप आहे, आणखी थोडा सराव केला असता तर ते विद्ध झाले असते, असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. आपण मात्र मालव भावचित्राला विद्धचित्राच्या परीक्षेस बसविले आणि नापास करून वर उत्तेजनार्थ शेरा दिला. (याच सोमेश्वराच्या पित्याच्या दरबारी बिल्हण होता. बिल्हणाच्या नावावरील चौरपंचाशिकेची सोळाव्या शतकातील जी चित्रित पाने अहमदाबादच्या मेहता संग्रहात आहेत त्यांत मालव शैलीची पूर्वचिन्हे दिसतात. सपाट लाल भूमी आणि एकचश्मी नायिका तेथे आधीच हजर आहेत.)

मराठी समीक्षेच्या परिभाषेत याचा विचार करू गेल्यास मर्ढेकरांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये (१९५५) त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची जी तत्त्वे मांडली ती मालव चित्रांना इतकी नेमकी लागू पडतात की जणू त्यांच्यावरूनच बेतली असावीत. लालाशेजारी काळा हा विरोध. स्त्रीच्या घागऱ्यावरील पट्ट्यांचा खालच्या वेलीच्या लयीशी संवाद. दोन कप्प्यांतील एकट्या नायिकेला तिसऱ्या कप्प्यातील मोर किंवा दिव्याने दिलेला समतोल. परंतु मर्ढेकरांची वाट आपल्याला निम्म्यावरच आणून सोडते. केवळ रंगाकारांच्या संबंधांत या चित्राचे सौंदर्य संपवावयाचे ठरविले, तर माथ्यावरील श्लोक हा अलौकिक आकृतीला चिकटलेला एक लौकिक मळ ठरतो. मला हे पटत नाही. विरहिणीच्या चित्रातील काळा रंग हा लालाचा विरोधी म्हणून जसा डोळ्याला जाणवतो, तसाच तो 'रात्र उलटून चालली' या अर्थाने मनाला जाणवतो. हे दोन अनुभव मागेपुढे येत नाहीत, एकदमच येतात. येथे अर्थ हीसुद्धा लयीची एक बाजू आहे. साहित्यात जर आपण हे मान्य करतो, तर साहित्याच्या मांडीवर बसलेल्या चित्रात ते का नाकारावे?

इतके झाल्यावर दुसऱ्या टोकाच्या मताचाही विचार केला पाहिजे. आज 'आदिम' ही शिवी राहिलेली नाही, आणि त्याचे थोडे श्रेय भोपाळकडेच जाते. १९८२ साली भारत भवन उघडले. त्यातील रूपंकर संग्रहालयात जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासी चित्रकारांची कामे शहरी चित्रकारांच्या शेजारी, बरोबरीने मांडली. पाटणगढहून आलेले जनगढसिंह श्याम येथेच जगाला परिचित झाले. या घटनेने दृष्टी बदलली, आणि ती बदलावयासच हवी होती. पण त्या भरात मालव लघुचित्रांनाही 'लोककला' म्हणून पोटाशी धरण्याचा मोह काहींना होतो. हे औदार्य अस्थानी आहे. ही चित्रे संस्कृत आणि ब्रज काव्याच्या पोथ्यांसाठी, ती वाचू शकणाऱ्या वर्गासाठी, पुठ्ठा घोटून आणि हिंगूळ खलून काढलेली आहेत. आपल्याकडील पिंगुळीच्या किंवा पैठणच्या चित्रकथीशी त्यांची तुलना केली तर भेद ध्यानात येतो. मोठे डोळे, एकचश्मी चेहरे, सपाट रंग हे सारे तेथेही आहे; परंतु चित्रकथीचे पान गाणाऱ्याच्या हातात असते, ते दुरून पाहावयाचे आणि कानांनी पुरे करावयाचे असते. मालव पान मांडीवर ठेवून एकट्याने वाचावयाचे असते. एक सभेचे चित्र, दुसरे एकांताचे. दोघांचाही मान राखावयाचा असेल तर त्यांना एका पंक्तीत बसविण्याची घाई करू नये. आणि 'आदिम' हा शब्द खर्चच करावयाचा असेल तर भीमबेटका भोपाळहून फार दूर नाही. आपल्या वाकणकरांनी १९५७ साली ती चित्रे उजेडात आणली. तेथेही तो शब्द फारसे काही उलगडून दाखवीत नाही, ही गोष्ट वेगळी.

सर्वच मालव चित्रे उत्तम आहेत असा माझा दावा नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीकडील कित्येक पाने यांत्रिक आहेत. तोच मंडप, तोच वृक्ष, तेच गोंडे, आणि श्लोक बदलला तरी चित्रात काही बदलत नाही. रेषा जाड होते, कप्पे केवळ सवयीने पाडले जातात. पण या पानांचा दोष सपाटपणा हा नव्हे; श्लोकाशी त्यांचे बोलणे थांबले आहे, हा होय. १६३४ ची रसिकप्रिया आणि ही पाने यांत तंत्राचा फरक थोडा आहे, वाचनाचा फरक मोठा आहे. शैलीचा ऱ्हास मोजावयास हेच माप अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

आता एक व्यवहाराची गोष्ट. या पोथ्या केव्हाच सुट्या झाल्या. एकाच मालिकेतील पाने निरनिराळ्या देशांतील संग्रहांत गेली. ते आता परतणारे नाही. परंतु जी पाने पुस्तकांतून आणि दिनदर्शिकांतून छापली जातात त्यांची वरची पिवळी पट्टी अनेकदा कापून टाकलेली असते. संपादकाला ती अक्षरे चित्राच्या सौंदर्यात अडथळा वाटतात, जागाही वाचते. काही ठिकाणी पट्टी ठेवतात, पण मजकूर काय आहे हे देत नाहीत. मराठीत संस्कृत काव्यांचे जाणकार अनुवादक आहेत, चित्रकलेवर लिहिणारेही आहेत. अमरुशतकाची पन्नास पाने श्लोक, अन्वय, मराठी गद्यार्थ आणि चित्र यांसह समोरासमोर छापणे हे एखाद्या अकादमीच्या आवाक्याबाहेरचे काम नाही. रागमालेच्या बाबतीत तर पट्टी कापणे म्हणजे नावच पुसून टाकणे होय. वीणा घेतलेली स्त्री तोडीही असते आणि गुजरीही असते. हरिण असेल तर आपण तोडी म्हणतो, मोर असेल तर गुजरीकडे कल होतो, आणि दोन्ही असतील किंवा एकही नसेल तर पिवळ्या पट्टीतल्या त्या दोन ओळींखेरीज दुसरा आधार उरत नाही. माधोदासाने त्या ओळींसाठी पानाचा वरचा भाग मोजून राखून ठेवला होता.